अण्णाचं जेवण

अण्णा जेवायला बसला की शेजारच्या घरात कळायचं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, भूपाल. भाकरी तो दोन्ही हातांनी मोडायचा, आमटी भुरकायचा, हिरव्या मिरचीचा खर्डा जिभेवर ठेवून सूं सूं करत डोळ्यांत पाणी आणायचा आणि वर पुन्हा खर्डाच मागायचा. आई चुलीपुढं परातीत भाकऱ्या थापत असायची. तिची थापथाप आणि याचं भुरकणं एकदम सुरू झालं की आप्पा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे, सुरू झाला बँड. आम्ही जैन, शेतकरी. पेठ वडगावच्या रस्त्याला गाव, चार खणांचं घर, दारात दोन म्हशी. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची हा घरातला कायदा, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. अण्णा कामावरून सायकल मारत यायचा तेव्हा सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकलेला असायचा. सायकल भिंतीला लावायच्या आधीच तो विचारायचा, आज काय केलंयस गं आई? उत्तराची वाटही बघायचा नाही. जे असेल ते त्याला आवडायचंच. वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, गाडग्यातलं दही, कालची उरलेली कडक भाकरी. खाण्यावर असा जीव लावणारं माणूस मी पुन्हा बघितलं नाही. माझ्या नवऱ्याला आयुष्यभर स्वयंपाक करून घातला, पण तो समोर पेपर उघडून जेवायचा. जाऊ दे.

सायकलीच्या अंतरावर एक दूध केंद्र होतं. आसपासच्या गावांचं दूध तिथं कॅनमधून यायचं, तपासलं जायचं, थंड करून टँकरनं पुढं जायचं. ते केंद्र आता बंद पडलंय, म्हणून नाव सांगत बसत नाही. अण्णा तिथल्या लॅबमध्ये होता. मी बी.एस्सी. झाले आणि घरी माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं, तेव्हा त्यानंच आप्पांना पटवलं की एखादं वर्ष सुनीला, म्हणजे मला, काम करू दे, माझ्या डोळ्यांसमोर राहील. आप्पा तयार झाले. अशी मी त्या लांबट खोलीत जाऊन पोचले. कडाप्प्याचे ओटे, भिंतीला निळसर डाग, आणि दूध, फिनेल आणि स्पिरिटचा मिळून एक वास, तो केसांतून रात्रीपर्यंत जायचा नाही. तिथं सगळी विशी-पंचविशीतली पोरं. मुलगी मी एकटीच. पहिल्या दिवशी त्यांनी मला काचेच्या बीकरमधून चहा दिला. आधी त्यात काय होतं ते विचारायचं नाही, असंही सांगितलं. मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती, कारण कपबशा त्या लॅबमध्ये नव्हत्याच.

काम काय होतं ते सांगते. दुधात फॅट किती ते काढायचं, कारण त्यावर शेतकऱ्याचा दर. त्यासाठी जाड काचेच्या नळ्या असायच्या. नळीत आधी तीव्र ॲसिड घालायचं, गंधकाचं. त्यावर दूध, मग थोडं स्पिरिट. बूच लावून हलवलं की नळी हाताला भाजेल इतकी तापायची आणि आतलं सगळं काळंतपकिरी व्हायचं. मग मशीनमध्ये गरागरा फिरवायची, की वर पिवळं तूप जमायचं, ते मोजायचं. ॲसिड मोजून घ्यायला पिपेट, म्हणजे मधे फुगीर असलेली काचेची नळी. तिचं एक टोक ॲसिडच्या बाटलीत आणि दुसरं टोक तोंडात. सरबत ओढतात तसं ॲसिड तोंडानं वर ओढायचं, खुणेपर्यंत आलं की झटकन तोंड काढून बोट ठेवायचं. तुम्हाला वाचताना अंगावर काटा येत असेल. आम्हाला येत नव्हता. तोंडानं न ओढता ॲसिड मोजायची साधी काचेची साधनं केंद्रानं आणलेली होती, ती कपाटात गवतासकट खोक्यात पडून होती. त्यांना हात लावणारा पोरांच्या लेखी केमिस्टच नव्हता. त्यांचं म्हणणं, त्यानं वेळ जातो. खरं म्हणजे त्यात मर्दुमकी नव्हती.

मर्दुमकीचे प्रकार तरी किती. बोटाच्या नखावर ॲसिडचा थेंब ठेवून कोण जास्त वेळ थांबतो. साखरेवर ॲसिड ओतून तिचा काळा फुगा करायचा आणि नव्या पोराला म्हणायचं, खा, तिळाचा लाडू हाय. फुटलेल्या थर्मामीटरचा पारा तळहातावर घेऊन फिरवायचा. प्रत्येकाच्या पँटीला भोकं. ज्याला जास्त भोकं तो जुना. आई अण्णाची पँट रफू करत म्हणायची, अरे, उंदरं पाळलीयेत का तिकडं? ज्या घरात पिण्याचं पाणी फडक्यानं गाळून घेत आणि फडक्यातला जीव मरू नये म्हणून ते पुन्हा आडात झटकत, त्या घरातला हा पोरगा. लॅबचे प्रमुख, साहेब म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. ते येता-जाता ओरडायचे, पण त्यांचे स्वतःचे पुढचे दात ॲसिडच्या वाफेनं झिजलेले होते आणि तरुणपणी आपण कसे दोन पिपेटी एकदम ओढायचो हेही तेच कौतुकानं सांगायचे. मग पोरांनी त्यांचं ओरडणं ऐकावं की कौतुक?

आणि या सगळ्यांत अण्णा राजा होता. ॲसिड पाण्यासारखं चटकन येत नाही, तेलासारखं जड असतं, जोर लावून ओढावं लागतं. अण्णा ते ओढता ओढता खिडकीतून बाहेर बघायचा, भुवयांनी माझी थट्टा करायचा आणि तरी खुणेच्या वर केसभरही जाऊ द्यायचा नाही. मीही शिकले तोंडानं ओढायला. त्यानंच शिकवलं. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा, हे लिहायला मला आज लाज वाटत नाही, वाईट वाटतं. एकदा त्याच्या जिभेला चटका बसला, पांढरा डाग पडला. घरी त्यानं तो आईपासून लपवला आणि त्या दिवशीही खर्डा खाल्ला.

परवा माझा पुतण्या, धाकट्या दिराचा मुलगा, आला होता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. हसत हसत मोबाईलवर त्याच्या मित्राचा व्हिडिओ दाखवला. तो मित्र लिक्विड नायट्रोजन, म्हणजे वायू अतिथंड करून त्याचं केलेलं पाणी, तोंडात घेतो आणि नाका-तोंडातून पांढरा धूर काढतो, आणि भोवतीची पोरं टाळ्या वाजवतात. किती लोकांनी बघितलाय तेही तो सांगत होता. मी मोबाईल त्याच्या हातात दिला आणि त्याला असं काही बोलले की तो चहा न पिता गेला. त्याच्या आईचा संध्याकाळी फोन आला, की वहिनी, पोरगं रडवेलं होऊन आलं, तुम्ही एवढं काय बोललात? त्यांना मी काही सांगितलं नाही. त्यापेक्षा हे लिहायला घेतलं.

थंडीच्या दिवसांत दूध वाढतं. ओट्यावर नमुन्यांच्या बाटल्यांची रांग लागायची, बाहेर कॅनचा खणखणाट आणि सोसायट्यांच्या माणसांचा आरडाओरडा. लॅबमध्ये महिपती म्हणून पन्हाळ्याकडचा एक नवा पोरगा आला होता. उंच, काळासावळा, हात चलाख. त्याच्यात आणि अण्णात रोज कुरबूर चालायची, हात कुणाचा जलद. त्या सकाळी पोरांनी शर्यत लावली. दोघांपुढं नळ्यांचा एकेक स्टँड, आधी भरेल तो जिंकला, हरेल त्यानं बाजाराच्या दिवशी सगळ्यांना मिसळ चारायची. साहेब बाहेर वजनकाट्यावर होते. मी पलीकडच्या ओट्यावर नळ्यांना बुचं लावत होते. मीही मान वळवून बघत होते, अण्णा पुढं आहे हे बघून मलाही बरं वाटत होतं. त्याच्या बाटलीतलं ॲसिड तळाला आलं होतं. कुणीतरी म्हणालं, अण्णा, बाटली भरून घे. मोठ्या बुधल्यातून बाटली भरायची म्हणजे शर्यत गेली. त्यानं हातानंच, राहू दे, असं केलं आणि बाटली तिरकी धरली.

पिपेटचं टोक ॲसिडमधून उघडं पडलं की काय होतं हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. जड ॲसिड चढवायला लावलेला जोर हवेला लागतो आणि नळीतलं सगळं एकदम तोंडात येतं. बुडबुड असा आवाज मला ऐकू आला. अण्णा ओरडला नाही. त्यानं पिपेट ओट्यावर आडवी ठेवली, हळू, फुटू नये म्हणून. मग दोन्ही हात गळ्याला लावून नळाकडं गेला. पोरं आधी हसली, त्यांना वाटलं सोंग करतोय. नंतर त्याच्या ओठांचा रंग बघून महिपती धावला, कॅनमधलं गार दूध ओगराळ्यानं पाजू लागला. दुसरा कुणी म्हणाला, ओकून काढायला पाहिजे, मिठाचं पाणी द्या. ते दिलं. तो ओकला. जे जाताना जाळत गेलं होतं ते येताना पुन्हा जाळत आलं. ओकवायचं नसतं, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. रसायनशास्त्राच्या पदव्या घेतलेली आम्ही सगळी त्या खोलीत होतो, आणि एकालाही ते माहीत नव्हतं. केंद्राच्या जीपमधून कोल्हापूरला नेताना तो माझा हात दाबत होता. बोलता येत नव्हतं.

दवाखान्यातून महिन्याभरानं तो घरी आला तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो. तोंड बरं झालं होतं. आवाज थोडा घोगरा, एवढंच. आई नाचणीची आंबील करायची, मुगाचं कढण करायची, तो वाटी वाटी प्यायचा आणि म्हणायचा, आता भाकरी कवा? पण आतली जखम सुकताना आवळत चालली होती. आधी दुधात कुस्करलेली भाकरी अडकायला लागली. मग कढण. मग एके सकाळी पाण्याचा घोट परत आला, तेव्हा तो माझ्याकडं बघत राहिला. ती नजर मला अजून सहन होत नाही. डॉक्टरांनी पोटाला भोक पाडून नळी बसवली, तिच्यातून दूध आणि पातळ पेज आत सोडायची. गळ्याची वाट मोकळी राहावी म्हणून मधून मधून मिरजेला न्यायचे, तिथं तोंडातून रबरी सळ्या घालून अन्ननलिका रुंद करायचे. थोडे दिवस पाणी उतरायचं, पुन्हा वाट बुजायची. अण्णा परत जेवणार का, एवढा एकच प्रश्न घरात उरला. आप्पा तो डॉक्टरांना विचारायचे, आई देवळात विचारायची. मी कुणालाच विचारत नव्हते, कारण उत्तराची भीती वाटायची.

आणि आम्ही लपून जेवायला लागलो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. आप्पा भाकरी फडक्यात बांधून शेतात न्यायचे. मी लॅबमध्ये डबा खायचे आणि संध्याकाळी भूक नाही म्हणायचे. आई कधी खायची ते मला आजवर कळलं नाही. फोडणीचा वास पसरू नये म्हणून ती नुसतं उकडायची. भाकरी परातीत थापायचं तिनं सोडलं, हातावरच वळवून वळवून करायची, आवाज होऊ नये म्हणून. ओसरीवर अण्णा पडलेला आणि आत आम्ही चोरासारखी वावरणारी. एक दिवस उन्हं उतरताना तो उठून थेट स्वयंपाकघरात आला. आई एका कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून घास खात होती.

"घरात कोण मेलंय का?" तो म्हणाला. "वास न्हाय, आवाज न्हाय. मी काय भूत हाय व्हय? माझ्यापुढं बसून जेवा. मला बघू द्या की."

त्या दिवसापासून आम्ही त्याच्यासमोर जेवू लागलो. तो भिंतीला टेकून बसायचा आणि आमच्या ताटांकडं बघायचा. आप्पांचा घास तोंडात नुसता फिरत राहायचा. अण्णा विचारायचा, खर्डा तिखट झालाय का? आप्पा म्हणायचे, झालाय. मग तोही भाकरीचा तुकडा मोडून खर्ड्याला लावून तोंडात टाकायचा, सावकाश चावायचा, डोळे मिटून चावायचा, आणि आईनं पुढं धरलेल्या वाटीत थुंकायचा. ताटात शीत टाकलं तरी आम्हाला लहानपणी धपाटा घालणारी ती बाई वाटी धरून बसायची, आणि तोंड पुसायला आपला पदर पुढं करायची. तिच्या तोंडावर काही दिसायचं नाही. मी मात्र पाणी प्यायचं निमित्त करून परसात जाऊन रडायचे.

लॅबमध्ये काय झालं तेही सांगायला हवं. अण्णाच्या अपघातानंतर साहेबांनी सगळ्या पिपेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि खोक्यातली मोजायची साधनं बाहेर काढली. पोरं मुकाट्यानं ती वापरू लागली. पण सवय नव्हती, हात अवघडायचे, बाहेर कॅन साठायचे, लोक शिव्या द्यायचे. मग एकानं एक पिपेट मागून घेतली, मग दुसऱ्यानं. अण्णाची पोटातली नळी बसली त्याच सुमाराला लॅबमध्ये सगळे पुन्हा तोंडानं ॲसिड ओढायला लागले होते. मी बोलले. भांडले. मी ओढणार नाही म्हणून एका कोपऱ्यात साधन घेऊन बसले. त्यांनी मला काही म्हटलं नाही, भूपालची बहीण म्हणून गप्प राहिले, पण कुणी माझं ऐकलंही नाही. महिपती तेवढा तोंडाला पिपेट लावत नव्हता. तो रोज विचारायचा, अण्णानं आज काय घेतलं? मी सांगायचे, पेज.

त्या वर्षी पाऊसकाळ संपल्यावर अण्णा म्हणाला, मी कामाला जातो. पोटाची नळी कापडी पट्ट्यानं बांधली, वर सदरा घातला, सदरा नुसता लोंबत होता. साहेबांनी बसून करायचं हलकं काम देतो म्हटलं होतं. आम्ही दोघं गेलो. तो येणार हे पोरांना कळलं होतं. त्यांनी त्या सकाळी सगळ्या पिपेटी लपवल्या आणि ओट्यावर साधनं मांडून ठेवली. आम्ही आत गेलो तेव्हा सगळे माना खाली घालून त्या साधनांनी ॲसिड मोजत होते. कुणाचं सांडत होतं, कुणाचं कमी पडत होतं. एरवी खिदळणारी खोली देवळासारखी शांत. एकानं त्याला स्टूल दिलं. दुसऱ्यानं न विचारता पंखा त्याच्याकडं वळवला. अण्णा बसून सगळ्यांकडं बघत होता. घरी तो भिंतीकडं तोंड करून जेवणाऱ्या आईकडं असाच बघत होता, ते मला आठवलं आणि काहीतरी होणार हे कळलं.

"पिपेटी कुठायत?" त्यानं विचारलं.

तो उठला, खणात हात घातला, एक काढली. बाटली उजेडाकडं धरून बघितली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती. पिपेट बाटलीत सोडली आणि वरचं टोक तोंडाला लावलं.

"अण्णा, ठेव ते," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि ओढलं. ॲसिड सावकाश वर चढलं, फुगाऱ्यातून वर, खुणेपाशी आलं आणि थांबलं. बोट बसलं. त्यानं ते नळीत सोडलं, आणि भुवई उडवली, अगदी पहिल्यासारखी. लॅबमध्ये कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, एकमेकांच्या पाठीवर मारू लागले. कुणी म्हणालं, राजा तो राजाच की. बाकीच्यांनी आपापल्या पिपेटी बाहेर काढल्या. महिपती बाहेर निघून गेला. मी त्याच्या मागं गेले, तर तो रिकाम्या कॅनवर बसून तोंडावर हात घेऊन रडत होता. मला त्या आतल्या सगळ्यांचा असा राग आला होता की एकेकाला धरून बडवावं. अण्णाचाही आला होता. पण परत आत गेले तेव्हा तो स्टँड भरत होता, आणि वर्षभरात मी त्याचं असं तोंड बघितलं नव्हतं. सायकलीवर डबलसीट घेऊन मी त्याला घरी आणलं, तर वाटभर शीळ घालत होता.

आईनं दारातच विचारलं, कसं झालं रे?

"झ्याक. सगळं जमतंय की," तो म्हणाला. "हात अजून तसाच हाय."

त्या दिवशी तो आमच्यासमोर बसला, आप्पांची थट्टा केली, म्हशीला नावं ठेवली. आई आत येऊन डोळे पुसत मला म्हणाली, बघितलंस, किती दिवसांनी हसलाय. मी मान हलवली. पुढच्या उन्हाळ्यात मिरजेला सळई घालताना त्याची अन्ननलिका फाटली आणि तो गेला. मी ते केंद्र सोडलं, लग्न झालं, शाळेत सायन्स शिकवायला लागले, आणि तोंडाला पिपेट लावणाऱ्या प्रत्येक पोराच्या कानाखाली जाळ काढला. आई पुढं बरीच वर्षं जगली. कुणी समाचाराला आलं, कुणी भूपालचा विषय काढला, की ती त्याच्या दुखण्यातलं दुसरं काही सांगायची नाही. म्हणायची, मधे एक दिवस कामाला गेलता, त्या दिवशी लई सुखात होता माझा बाळ. आणि साक्षीसाठी माझ्याकडं बघायची. मी हो म्हणायचे. ते खोटं नव्हतं. आम्ही तिघांनी वर्षभर जिवाचं रान केलं, पण तसं सुख आमच्यापैकी कुणालाच त्याला देता आलं नाही. ते त्याला दिलं त्या ॲसिडनं.